शुक, शुक्र आणि पहिला छाप

पुस्तक हातात आलं की मी ते मागून उघडते. नातवंडं हसतात. "आजी, गोष्ट पुढून सुरू होते," म्हणतात. होत असेल. पण मला आधी शेवटचं पान बघायचं असतं, शुद्धिपत्र आहे का ते. छापताना झालेल्या चुका लिहिणाऱ्याने तिथे ओळीने कबूल केलेल्या असतात. ही सवय मला माझ्या बाने लावली, आणि ज्या वर्षांत लावली ती वर्षं कापसाच्या तेजीची होती.

अमेरिकेत लढाई पेटली आणि तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, एवढंच आम्हाला कळलं होतं. कोण कोणाशी लढतंय याची चौकशी अमरावतीत फारशी कुणी केली नाही. सगळ्यांचं लक्ष भावाकडे. माघ महिन्यात बाजाराच्या रस्त्याला गाड्यांची एवढी रांग लागायची की माणसाला पलीकडे जायचं तर बैलांच्या पोटाखालून जावं लागे. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना गाड्यांमधला कापूस अडकून राही, आणि लांबून वाटे की बाभळी पांढऱ्या फुलल्यात.

आमचं मूळ गाव चांदूर बाजाराजवळचं. काळी, कसदार जमीन. बा स्वतः औत धरणारा. लहानपणी गावातल्या एका भटजींकडून तो बाळबोध अक्षरं शिकला होता, पोथी वाचता यावी म्हणून. तेजी आली तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपला माल दलालाच्या पदरात टाकला. बा म्हणाला, माझा कापूस मी स्वतः मुंबईला घेऊन जाईन. आगगाडी तेव्हा वऱ्हाडात आली नव्हती. तिचं टोक दरवर्षी थोडं थोडं आमच्याकडे सरकत होतं, तिथवर गाड्या हाकायच्या आणि पुढे रेल्वेने जायचं.

मुंबईत त्याने वाफेवर चालणारा कापूस दाबायचा कारखाना पाहिला. आमच्याकडे चार माणसं नाचून नाचून जेवढा बोरा भरायची, त्याच्या दुप्पट कापूस ते यंत्र एका दाबात चपटा करत होतं. बा तिथे उभाच राहिला. घरात माय रोज भाताला आधण ठेवते, वाफेने झाकण हलतं, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. तीच वाफ हे काम करते? कारखान्यातल्या लोकांना विचारायला लागला तर त्यांनी त्याला बाजूला सारलं. शेवटी एका म्हाताऱ्या पुस्तकविक्याने त्याला दुकानात बसवून घेतलं आणि वाफेच्या यंत्रावरचं एक मराठी पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. साध्या माणसांना शास्त्र समजावं म्हणून लिहिलेलं, चित्रांसकट.

बा घरी आला तेव्हा मायने गाठोडं सोडलं. आत पुस्तक. ती शेजारणीला म्हणाली, "लोकं मुंबईहून लुगडं आणतेत. यानं वाफ आणली."

त्यानंतर दर फेरीला एकदोन पुस्तकं यायला लागली. आकाशाचं, विजेचं, माणसाच्या शरीराचं, समुद्राच्या भरती-ओहोटीचं. आम्ही गाव सोडून अमरावतीला परकोटाच्या आत राहायला आलो होतो. आजूबाजूला ज्यांच्या हातात अचानक पैसा आला, त्यांची तऱ्हा निराळी. कुणी गाडीच्या चाकांना चांदीचे पत्रे ठोकले, कुणी बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढवल्या. माझा बा छापील पुस्तकं जमवायला लागला. तीही कोणतीही नाहीत, पहिल्या छापाचीच.

"पयल्याच छापाचं काहून पाहिजे?" मी एकदा विचारलं होतं. "मजकूर तं तोच ना?"

"पयल्या छापात लिहिणाऱ्याचा जीव असते, बाई," बा म्हणाला. मुलीला तो 'बाई'च म्हणे, लाडाने. "तवा त्याले माईत नसते का लोकं हासतीन का वाचतीन. तरी तो छापते. दुसरा छाप काय, लोकाईनं मागतला म्हून निघते."

पहिला छाप ओळखायचा कसा, हे त्याला त्या म्हाताऱ्या पुस्तकविक्याने शिकवलं होतं आणि त्याने ते मला शिकवलं. ओसरीवर घोंगडी अंथरायची, हात धुऊन कोरडे करायचे, मग पुस्तक घ्यायचं. पहिल्या छापावर 'पहिला' असं बहुधा लिहिलेलं नसतं, कारण दुसरा निघेल याची खुद्द छापणाऱ्याला खात्री नसते. दुसऱ्या छापावर मात्र ठळक अक्षरात 'आवृत्ती दुसरी, सुधारून वाढविलेली' असं येतं. मग शक बघायचा, छापखान्याचं ठिकाण बघायचं. चित्रं दगडावरून छापलेली असत. दगड ताजा असताना रेघ केसासारखी बारीक उठते, चंद्रावरचे खड्डे मोजून घ्यावे इतके स्पष्ट. पुढे दगड झिजतो, रेघा जाड होतात, खड्ड्यांचे डाग होतात. आणि शेवटी शुद्धिपत्र. पहिल्या छापात चुका राहतात, म्हणून त्याला शुद्धिपत्र जोडावं लागतं. दुसऱ्या छापात त्या चुका मजकुरातच दुरुस्त होतात, मग शुद्धिपत्राचं काम संपतं.

मी वाचायला शिकले ती या मुखपृष्ठांवरून आणि शुद्धिपत्रांवरून. मायला ते पसंत नव्हतं. "पोरीच्या जातीले काय करायचं हाये ग्रहनक्षत्राचं?" म्हणायची. बा म्हणायचा, "अवं, चूक कुठं हाये ते तिले समजते. तुले सून पारखाची असंन तं कामी येईन." माझी थोरली भावंडं देवीच्या साथीत गेली होती, सून यायचीच नव्हती. पण माय हसली आणि तो विषय तिथेच राहिला.

शुद्धिपत्र हा माझा खेळ झाला. 'अमुक पृष्ठी अमुक ओळीत हे आहे, त्याऐवजी ते वाचावे,' असं वाचायचं, मग ते पान काढायचं आणि चूक सापडली की टाळी वाजवायची. बाला माझ्या टाळीवरून कळे की मी कोणत्या पुस्तकात आहे.

त्याच्या सगळ्या संग्रहात एक जागा रिकामी होती. ग्रहगोलांवर मराठीत फार आधी निघालेलं एक पुस्तक. त्याच्या पहिल्या छापाच्या प्रती शाळेतल्या पोरांनी वापरून वापरून फाडल्या होत्या आणि उरलेल्या कुणाकडे आहेत ते कुणाला ठाऊक नव्हतं. बा त्याच्यासाठी मुंबईत फिरफिर फिरला. तेजीमुळे जुन्या वस्तूंनाही गिऱ्हाइकं आली होती आणि कापूसवाला दिसला की विकणारे पुढे येत. अखेर एका दलालाने, कुणा मोडलेल्या घरातलं म्हणून, ते पुस्तक त्याला दिलं. लाल चामड्याची नवी बांधणी. मुखपृष्ठावर जुना शक, आवृत्तीचा उल्लेख नाही, शेवटी शुद्धिपत्र. सगळ्या खुणा जुळत होत्या.

अमरावतीत ते पुस्तक बघायला माणसं आली. बा मुखपृष्ठ दाखवी, शुद्धिपत्र दाखवी आणि मिटून रेशमी रुमालात गुंडाळून ठेवी. मधली पानं त्याने मलाही उलटू दिली नाहीत. "हाताचा घाम लागन," म्हणायचा. मी एवढं पाहिलं होतं की पहिलं आणि शेवटचं पान पिवळसर, जाड होतं आणि मधली पानं पांढरी. बा म्हणाला, बाहेरच्या पानांना हवा लागते, ती आधी पिकतात. मला ते पटलं.

माझं लग्न लहानपणीच अकोल्याला झालं होतं, पण अजून मी सासरी नांदायला गेले नव्हते. माझे सासरे, म्हणजे मामाजी, कापसाचे मोठे व्यापारी. त्यांनी आणि त्यांच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांनी मिळून अकोल्यात एक वाचनालय काढायचं ठरवलं. बाला निरोप आला. बाने लगेच सांगितलं, माझं सगळ्यात मोलाचं पुस्तक मी त्या वाचनालयाला देतो. व्याह्याच्या गावात, चार लोकांसमोर, स्वतःच्या हाताने. त्या दिवसांत तो ताठ मानेने चालायचा, मला आठवतं.

आम्ही दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, निघालो. बा, माय, मी आणि हाकायला एक गडी. बाकी गाडीत गाद्या आणि शिदोरी. बडनेरा मागे पडलं तेव्हा बा म्हणाला, "बाई, पुस्तक तू मांडीवर घे. पेटीत धक्के बसतेत." असं ते पुस्तक पहिल्यांदा माझ्या हातात आलं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका विहिरीपाशी दुपारी बैल सोडले. माय भाकरी काढत होती. मी रुमाल सोडला आणि सवयीने पुस्तक मागून उघडलं. शुद्धिपत्रात पहिल्याच ओळींमध्ये होतं की 'शुक' छापले आहे तेथे 'शुक्र' वाचावे. मला फार गंमत वाटली. शुक म्हणजे पोपट. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला पोपट चमकतो, असं कुठेतरी छापलं गेलं असणार! मी ते पान काढलं. ओळ सापडली. तिथे 'शुक्र' होतं. चांगलं स्वच्छ, रकार लावलेलं.

मला वाटलं, माझी ओळ चुकली. पुन्हा पाहिलं. पुढची चूक घेतली. चंद्रग्रहणाच्या चित्राखाली 'चंद्राची छाया पृथ्वीवर पडते' असं आहे, ते उलट वाचावे, असं शुद्धिपत्र सांगत होतं. चित्र काढलं. खाली लिहिलं होतं: 'पृथ्वीची छाया चंद्रावर पडते.' बरोबर होतं. त्याच्या पुढची चूकही नव्हती. शुद्धिपत्रातली एकही चूक त्या पुस्तकात नव्हती.

ज्या चुका पुस्तकात नाहीत, त्यांची कबुली पुस्तकाला कशाला जोडतील? मजकूर दुसऱ्या छापाचा होता. त्याला पहिल्या छापाचं मुखपृष्ठ आणि शुद्धिपत्र कुणीतरी शिवून लावलं होतं. म्हणून तर दोनच पानं पिवळी होती.

मी मायजवळ गेले आणि तिला हळूच सांगितलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण तिने पुरतं ऐकून घेतलं.

"तुले पक्कं दिसलं?"

"हो."

"मंग सांग त्याले. आत्ताच सांग. अकोल्यात दुसऱ्या कोणी सांगतलं तं तो खाली मान घालन. तू सांगतलं तं नाई घालनार."

बा बैलांना पाणी पाजून येत होता. मी पुस्तक पुढे केलं आणि म्हटलं, "बा, यातल्या चुका सापडून नाई राहिल्या."

"कोणत्या चुका?"

मी दाखवलं. तो दमणीच्या जुवावर बसला. बोट ठेवून शुद्धिपत्राची ओळ वाचायचा, मग पान काढायचा. त्याचं वाचन माझ्यापेक्षा सावकाश. शेवटच्या चुकीपर्यंत त्याने असं केलं. मग पुस्तक मिटलं, रुमालात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.

"गाडी जुपा," एवढंच म्हणाला.

पुढच्या गावापर्यंत तो गाडीत बसला नाही, बैलांच्या बाजूने पायी चालत राहिला. मी रडायला लागले तेव्हा माय म्हणाली, "रडू नको. त्याच्याशी बोलूही नको. चालू दे त्याले." दुतर्फा पऱ्हाट्या उभ्या होत्या, वेचणी उरकलेली, वाळलेल्या बोंडांची टरफलं वाऱ्याने वाजत होती. पुढचं गाव दिसायला लागलं तसा बा गाडीजवळ आला आणि चालता चालताच म्हणाला, "बाई, तू म्हणतं ते खरं असंन. पण पयल्या छापाचा मजकूर एकडाव डोयानं पाह्यल्याशिवाय मी निकाल देत नाई. त्यात चुका सापडल्या तं तू खरी."

मला त्याचा राग आला नाही. तो माझ्याकडे पुरावा मागत होता, जसा मोठ्या माणसाकडे मागतात.

अकोल्याला पोचल्यावर मामाजींच्या वाड्यात पाहुणचार झाला. जेवणं झाल्यावर बाने आधी त्यांनाच बाजूला घेतलं आणि सांगितलं की पुस्तकाबद्दल शंका आहे. मी सासूबाईंच्या मागे, दाराआड उभी होते. मामाजी हसले.

"व्याहीबुवा, कोणाले समजते? देखणं पुस्तक हाये. देऊन टाका."

"हिले समजलं ना," बा म्हणाला आणि दाराकडे बोट केलं.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आपल्या शाळेचे मास्तर पुण्याकडचे हायेत. त्याईच्याजवळ अशीच एक फाटकी पोथी पाह्यली होती मी. बलावतो."

मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. उंच, किडकिडीत माणूस, बोलणं अगदी मऊ. त्यांच्या काखेत जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेलं एक पुस्तक होतं. मुखपृष्ठ गेलेलं, शेवटचं पान गेलेलं, कोपरे कसरीने खाल्लेले. "मी लहान असताना याच्यावर शिकलो," ते म्हणाले. "कोणत्या आवृत्तीचं आहे ते मलाही सांगता यायचं नाही. सांगणारी दोन्ही टोकं गळून पडलीत."

ओसरीवर सतरंजी घातली. बा, मामाजी आणि मास्तर बसले. बाने मला हाक मारली. मी पदर सावरून गेले. सासऱ्यासमोर, परक्या माणसासमोर बसायची माझी ती पहिलीच वेळ. बाने आमचं शुद्धिपत्र माझ्यापुढे धरलं. "वाच. आन मास्तरच्या पुस्तकात काढ."

मी मास्तरांचं पुस्तक घेतलं. पानं अशी ठिसूळ की श्वासाने हलत होती. ते पान आलं, ती ओळ आली. मी मोठ्याने वाचलं: "सूर्यास्तानंतर पश्चिमेस शुक दिसतो."

"काय?" मास्तर पुढे वाकले.

"पोपट," मी म्हटलं आणि माझ्याकडून टाळी वाजली. सासऱ्यासमोर! मी चटकन हात पदरात लपवले. पण बा मोठ्याने हसला. मूर्तिजापूरपासून तो हसला नव्हता.

"पुढचं काढ," तो म्हणाला. "गिरनाचं."

ग्रहणाच्या चित्राखाली चंद्राची छाया पृथ्वीवर पडत होती, अगदी शुद्धिपत्रात म्हटल्यासारखी. आणि काय ते चित्र! आमच्या लाल पुस्तकातल्या चंद्रावर डाग होते. या फाटक्या पुस्तकातल्या चंद्रावर प्रत्येक खड्ड्याची कड वेगळी दिसत होती. मास्तरांनी दोन्ही चंद्र शेजारी शेजारी धरून पाहिले.

मग त्यांनी आमच्या पुस्तकातली ग्रहांची यादी काढली आणि तिच्यावर बोट ठेवलं. युरेनसाच्या पलीकडचा नवा ग्रह तिथे होता. "तुमच्या मुखपृष्ठावरचा शक बघा," ते बाला म्हणाले. "त्या वर्षी हा ग्रह कुणाला सापडलेलाच नव्हता. लिहिणाऱ्याला तो कुठून कळणार? आणि माझ्या प्रतीत तो नाही, हे पाहा. इतकी वर्षं मी समजत होतो की माझं पुस्तक अपुरं आहे." ते माझ्याकडे वळले. "बाळ, इतकी वर्षं माझ्या उशाला पहिली आवृत्ती होती, आणि मला ते आज तुझ्यामुळे कळलं."

त्यांचे डोळे भरले होते. मी बाकडे पाहिलं. तो दोन्ही पुस्तकांकडे बघत होता आणि मान हलवत होता, सौदा पटल्यावर हलवायचा तशी.

वाचनालयाचा समारंभ कापसाच्या बाजाराजवळच्या एका मोठ्या वखारीत होता. बोरे हलवून जागा केली होती, तरी हवेत कापसाची धूळ होती आणि लोक मधूनमधून शिंकत होते. बायका एका बाजूला बसल्या होत्या. भाषणं झाली. मग बाचं नाव पुकारलं.

बा उभा राहिला. पागोटं सारखं केलं, लाल पुस्तक हातात घेतलं.

"हे पुस्तक मी पयल्या छापाचं म्हून इथं आणलं," तो म्हणाला. "अमरावतीत सगळ्याईले तसंच सांगत होतो. ते तसं नाई. याचं तोंड आन शेपूट पयल्या छापाचं हाये, धड दुसऱ्याचं. मी फसलो."

वखारीत कुजबुज झाली. मागून एक व्यापारी ओरडला, "घ्या! मुंबईनं अमरावतीचा कापूस घेतला आन बदल्यात नुसता कागद देल्ला!" मोठा हशा पिकला. माझे कान तापले. मामाजींचा चेहरा उतरलेला मला बायकांमधून दिसत होता.

बाही हसला. "देल्ला खरं," तो म्हणाला. "पण ते ओळखलं कोणं, ते ऐका. मी नाई ओळखलं. इतके दिवस पुस्तक माह्या हाती होतं, आन मी फक्त तोंड पाह्यलं. माह्या पोरीनं ओळखलं. बाई, ये इकडं. दाखव यायले."

मी जागची हलले नाही. तेव्हा मायने मागून मला ढकललं. जोरातच ढकललं. मी उभी राहिले आणि गेले. काय बोलले ते आज शब्दशः आठवत नाही. शुद्धिपत्र वाचलं, लाल पुस्तकातली ओळ वाचली, मास्तरांच्या पुस्तकातला पोपट वाचला. पोपटाला लोक पुन्हा हसले, पण हे हसणं वेगळं होतं. मघाशी ओरडणारा व्यापारी पुढे आला आणि दोन्ही पुस्तकं स्वतः उघडून बघायला लागला. त्याच्यामागून आणखी माणसं आली.

कुणीतरी विचारलं, "कोणाची पोरगी?"

मामाजी उठले. "माही सून हाये," ते म्हणाले. आवाज असा की वखारीच्या दारापर्यंत गेला.

मास्तरांनी आपलं फाटकं पुस्तक तिथेच वाचनालयाला दिलं. मग मामाजींना एक कल्पना सुचली. लाल पुस्तकातलं पहिल्या छापाचं मुखपृष्ठ आणि शुद्धिपत्र काढून मास्तरांच्या प्रतीला जोडावं, म्हणजे एक प्रत पुरी होईल. मास्तर घुटमळले. म्हणाले, हिलाच विचारा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "जोडा. पण कोणतं पान कुठून आलं ते आत लिहून ठेवा. नाई लिहिलं तं मुंबईवाल्यानं केलं तेच आपन केलं."

"तूच लिही," मास्तर म्हणाले.

बोरू आणला. वखारीतल्या तराजूशेजारच्या फळीवर कागद ठेवून मी लिहिलं की या पुस्तकाचा मजकूर एका प्रतीतला असून पहिले व शेवटचे पान दुसऱ्या प्रतीतून घेतले आहे, दोन्ही पहिल्या छापाची आहेत. अक्षरं वाकडीतिकडी आली, शाईचा एक ठिपकाही पडला. दुसरा कागद घे, असं कुणी म्हटलं नाही.

उरलेलं लाल पुस्तक बा परत घेऊन जाईल असं मला वाटलं होतं. त्याने तेही वाचनालयाला दिलं. म्हणाला, "पयला छाप पेटीत ठेवा, कोणाले पाहाचा असंन तवा काढा. पोराईले हे द्या वाचाले. नवा ग्रह यात हाये." लिहिणाऱ्याचा जीव पहिल्या छापात असतो असं म्हणणारा माझा बा. शिकायला मात्र दुसरा चांगला, हे त्याने त्या दिवशी सगळ्यांसमोर मान्य केलं. परतताना गाडीत तो मला म्हणाला की त्या लिहिणाऱ्यालाही हे आवडलं असतं, चुका काढायला त्याने स्वतःच तर सुरुवात केली होती.

पुढे मी अकोल्याला नांदायला गेले. सासरी पहिल्याच आठवड्यात मामाजींनी सासूबाईंना सांगून ठेवलं की वाचनालयातलं पुस्तक घरी आलं तर ते आधी सूनबाईकडे जाईल. अमेरिकेतली लढाई थांबली, तेजी उतरली, चाकांवरच्या चांदीच्या पत्र्यांच्या गोष्टी तेवढ्या उरल्या. बाचा संग्रह मात्र वाढत राहिला. परतवाड्याकडून, खामगावाकडून लोक जुनी शास्त्राची पुस्तकं घेऊन वाचनालयात येत आणि मास्तर त्यांना आमच्या घराकडे पाठवीत. मी ओसरीवर हात धुऊन बसे. कधी सांगावं लागे की हे दुसऱ्या छापाचं आहे. माणसं खट्टू होत. पण का ते दाखवलं की बहुतेक जण पटून जात, आणि काही जण ती खूण शिकून पुढल्या वेळी स्वतःच ओळखून येत.

रेल्वे अकोला ओलांडून बडनेऱ्यापर्यंत गेली तेव्हा बा तिथून गाडीत बसून मला भेटायला यायला लागला. एकदा माझे यजमान त्याच्यासोबत होते. डब्यात बाच्या मांडीवर पुस्तकांचं गाठोडं बघून एका प्रवाशाने विचारलं, "पाटील, काय करता? पुस्तकं विकता का?"

बाने नाही म्हटलं.

"मंग शिकवता?"

"नाई गा," बा म्हणाला. "शेतकरी हाओ. पन अकोल्यात एक बाई हाये, कोणतंही पुस्तक दाखव, कितव्या छापाचं हाये ते सांगते. ही तिच्याकडं घेऊन चाललो."

"कोण बाई?"

यजमानांनी मला सांगितलं की बाने आधी गाठोडं बाजूला ठेवलं, पागोटं नीट बसवलं आणि मग सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "माही पोरगी."